दाखवायचे मासे

डंपिंगवर कुणी मोठा पाहुणा आला की त्याला आधी कचरा दाखवत नसत, मासे दाखवत.

ऑफिससमोरच्या पत्र्याखाली काचेची चार फुटी टाकी होती. तळाला रंगीत खडे, एक प्लॅस्टिकचा किल्ला, त्याच्या दारातून निघणारे बुडबुडे आणि डझनभर केशरी गोल्डफिश. टाकीच्या मागून एक जाड निळा पाइप येऊन वर वाकला होता आणि त्याच्यावर पाटी होती : ‘प्रक्रिया केलेले पाणी’. म्हणजे पावसाचं पाणी कचऱ्याच्या डोंगरातून झिरपून काळं होतं, ते गटारांतून गोळा होऊन कंपनीच्या प्लांटमध्ये येतं, तिथे शुद्ध होतं आणि इतकं शुद्ध होतं की त्यात मासे मजेत पोहतात, असं पाहुण्याने समजायचं. पाहुणे तसं समजत. चिमूटभर खाद्य टाकत, फोटो काढून घेत आणि वड्यांचा वास आला की वर कॉन्फरन्स रूममध्ये जात. जाता जाता प्लांटप्रमुख सुबोध सर आपलं वाक्य न चुकता ऐकवत, “आकडे काय, कुणीही लिहील. मासा खोटं बोलत नाही.”

आकडे लिहिणारी बाई त्या वेळी बहुधा मागच्या खिडकीत उभी असे. तिचं नाव माधुरी तांबे. घाटकोपरला राहायची, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, प्लांटच्या प्रयोगशाळेची एकटी केमिस्ट. बोलायची कमी. ती बोलत नाही म्हणजे तिचं काही म्हणणं नाही, असा सुबोध सरांनी सोयीस्कर अर्थ लावलेला होता.

त्या निळ्या पाइपातून टाकीत कधी थेंबही पडत नसे. पडला होता तो फक्त पहिल्या दिवशी, तीन वर्षांपूर्वी. तेव्हा प्लांट नवा होता आणि सुबोध सरांचा त्याच्यावर विश्वास होता. त्यांनी हौसेने व्हॉल्व्ह उघडला, मासे सोडले आणि चहा प्यायला गेले. चाळीस मिनिटांत सगळे मासे पालथे झाले. दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह बंद करून त्याच्यावर निळ्या ऑइलपेंटचा हात मारला गेला आणि टाकी आवारातल्या नळाने भरली. नळाच्या पाण्यातही मासे मेले. मग ऑपरेटर बाळा परब प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला.

बाळा पन्नाशीचा, मूळचा मालवणकडचा. वडील गिरणीत होते, हा गिरण्या बंद पडल्यावर मिळेल ते करत इथवर आलेला.

“मॅडम, मासे मेले तर साहेब माका घरी बसवतलो. काय तरी औषध असात तर द्या.”

माधुरीने टाकीतलं पाणी एका नळीत घेऊन दोन थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. पिण्याच्या पाण्यात जंतू मरावेत म्हणून घातलेलं क्लोरीन, दुसरं काही नाही. माणसाला त्याने काही होत नाही, माशाचे कल्ले जळतात. तिने कपाटातून एक बाटली काढली. आतले दाणे खडीसाखरेसारखे दिसत होते.

“हायपो म्हणतात याला. पाणी बदललं की एवढे दाणे विरघळवून टाका, अर्ध्या तासाने मासे सोडा.”

तेव्हापासून बाळा दर सोमवारी ‘साखर’ न्यायला येई आणि मासे जगत. सुबोध सरांना याचा पत्ता नव्हता. नळाच्या पाण्यात मासे जगतात आणि प्लांटच्या पाण्यात मरतात, एवढंच त्यांनी या प्रकरणातून शिकून ठेवलं होतं आणि तेवढ्यावर त्यांचं भागत होतं.

माधुरी स्वतःची समजूत घाले की माशांचा यात काय दोष. समजूत पूर्ण पटत नसे. एवढं सुंदर खोटं जिवंत ठेवायला आपणच दर आठवड्याला अर्धा चमचा दाणे देतो, हे तिला माहीत होतं.

प्लांटची खरी हकीकत तिच्या जाड पुठ्ठ्याच्या नोंदवहीत होती. या काळ्या पाण्यात अमोनिया भरमसाट असतो आणि तो खाऊन टाकायला प्लांटच्या मोठ्या टाकीत जिवाणू पाळावे लागतात. त्यांना रात्रंदिवस हवा द्यावी लागते. हवा देणारे ब्लोअर दोन, त्यांतला एक गेल्या एप्रिलमध्ये बंद पडला. तो दुरुस्तीला गेला तो गेलाच. दुसरा चालायचा, पण विजेचं बिल वाढतं म्हणून सुबोध सरांनी तो फक्त पाहणीच्या दिवशी लावायचं ठरवलं. आठवड्याभरात जिवाणू मेले. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण जिवाणू मेले तर पालथे होऊन तरंगत नाहीत.

त्यानंतर जे पाणी काळं आत यायचं ते काळंच बाहेर जायचं, मागच्या चरातून खाजणात आणि तिथून खाडीत. पावसाळ्यात तर आत येण्याचीही तसदी घेत नसे. डोंगराच्या पायथ्याची दोन गटारं, एक पावसाच्या पाण्याचं आणि एक काळ्या पाण्याचं, वेगळी ठेवायची असा नियम होता; मधला बांध कधीच खचलेला होता. माधुरी रोज बाहेरच्या पाण्याचा अमोनिया मोजायची आणि वहीत लिहायची. नियमाप्रमाणे तो पन्नासच्या आत हवा. तिच्या वहीत पाचशे ऐंशी, सहाशे चाळीस, सहाशे दहा असे आकडे होते. मुख्य कार्यालयाला जाणाऱ्या अहवालात अडतीस, एकेचाळीस, अडतीस असे असत. ते तिथेच कुणीतरी टाइप करी आणि तिथेच कुणीतरी सही करी. वही कुणी उघडत नव्हतं आणि अहवाल तिच्याकडे येत नव्हता. तिची सही कशावरच नव्हती, म्हणून ती झोपू शकत होती.

जुलैमध्ये तिने नेहमीप्रमाणे रसायनांची मागणी लिहून दिली. सुबोध सरांनी लाल पेन उघडलं.

“हे हायपो कशाला लागतं हो, मॅडम? रिपोर्टमधल्या कुठल्या टेस्टला?”

“रिपोर्टला नाही लागत. माशांना लागतं.”

ते हसले. “माशांना मी घालतो की खायला.” आणि त्यांनी ती ओळ खोडली. “तुम्हा सायन्सवाल्यांचं एक असतं. साधी गोष्ट, पण बाटलीतून आल्याशिवाय पटत नाही. खरं सांगू, ही लॅबसुद्धा कागदावर हवी म्हणून आहे. माझी लॅब ती बाहेर पोहते आहे.”

माधुरी एकदा सांगे. दुसऱ्यांदा सांगायची तिला सवय नव्हती.

ऑगस्टमध्ये कंपनीच्या कंत्राटाला पाच वर्षांची मुदतवाढ द्यायची की नाही हे ठरवायला समिती येणार असं कळलं. या खेपेला नियम बदललेला होता : बाहेर जाणाऱ्या पाण्याचा तक्ता प्लांटवरच्या केमिस्टच्या सहीने हवा. सोमवारी सुबोध सर तो तक्ता घेऊन स्वतः प्रयोगशाळेत आले. अमोनियाच्या चौकटीत टाइप केलेलं होतं : बेचाळीस.

“बुधवारी समितीच्या हातात द्यायचा आहे. खाली सही करा.”

“बेचाळीस कुणी मोजलं?”

“मॅडम, मोजायचं काय त्यात? पन्नासच्या आत पाहिजे. चाळीस गोल दिसतं, म्हणून बेचाळीस.”

“मी सहाशे दहा मोजलंय.”

“मग ते तुमच्या वहीत ठेवा ना. वही कोण मागतंय?” ते स्टुलावर बसले आणि आवाज मऊ केला. “हे बघा, तुम्ही सही नाही केलीत तर गुरुवारी मी दुसरी केमिस्ट आणीन. कॉलेजातून नुकती सुटलेली. ती सही करेल आणि ‘थँक यू, सर’ पण म्हणेल. पाणी तेच राहणार, फक्त तुम्ही नसणार. बुधवारी सकाळपर्यंत विचार करा.”

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हेच चीड आणणारं होतं. सही केली तर हा मेलेला प्लांट आणखी पाच वर्षं चालेल, तिच्या नावावर. नाही केली तरी चालेल, दुसऱ्या कुणाच्या नावावर. खाडीला दोन्हींत फरक पडणार नव्हता. फरक फक्त एका सहीचा होता, आणि त्या आवारात माधुरीचं स्वतःचं असं तेवढंच होतं. तक्ता तिने ड्रॉवरमध्ये ठेवला.

बुधवारी साडेसातला ती आली तेव्हा बाळा टाकी रिकामी करून घासत होता. शेजारी पाण्याने भरलेल्या पिशव्यांमध्ये, फिके पडलेले जुने मासे देऊन चेंबूरच्या दुकानातून काल आणलेले नवे बारा मासे होते.

“साहेब म्हणतत, आज ताजा पाणी. काच चकचकीत होवक व्हयी. मॅडम, साखर?”

तिने बाटली उलटी करून दाखवली. आत पांढरी धूळसुद्धा नव्हती. “सरांनी खोडली. त्यांना जाऊन सांगा, आज पाणी बदलू नका. निदान दोन दिवस पिंपात उघडं ठेवलेलं पाणी घ्या.”

बाळा गेला आणि पाच मिनिटांत परत आला. “सांगितलंय. म्हणाले, त्या बाईक सांग, मासे मी सांभाळतंय, तू सही सांभाळ.” त्याने खांदे उडवले. “माका तर म्हणाले, बाळा, तू कधीपासून सायंटिस्ट झालास रे.”

सुबोध सर बाळापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होते.

आठ वाजता टाकी भरली आणि त्यात नवे मासे सोडले गेले. पावसाळ्यात नळाच्या पाण्यात क्लोरीन नेहमीपेक्षा जास्त असतं, हे माधुरीला माहीत होतं. तिने नळी भरून थेंब टाकले. पिवळा रंग गडद नारिंगीकडे झुकला. तिने वहीत आकडा लिहिला, वेळ लिहिली आणि बसली.

समितीला अकराला यायचं होतं. समितीचे अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक होते आणि निवृत्त प्राध्यापक उशिरा येतात. पावणेबारा वाजले. सुबोध सर वर कॉन्फरन्स रूममध्ये नव्या फुलदाण्या पुढे-मागे करत होते. बाळा धावत खिडकीशी आला.

“मॅडम, मासे वर येवन तोंडा मारतत. चार गेले. आता?”

ती टाकीजवळ गेली. चार मासे पालथे होते. बाकीचे आठ पृष्ठभागाशी ओठ उघडून-मिटून हवा गिळत होते. कल्ल्यांवर शेवाळल्यासारखा चिकट थर आला होता. प्रथमोपचाराच्या पेटीत व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांची पट्टी होती. दोन गोळ्या चुरून टाकल्या की क्लोरीन संपतं, हायपोइतकंच चटकन. टाकीत टाकल्या असत्या तर पाच मिनिटांत मासे शांत झाले असते. चार मेलेले बाळाने उचलून फेकले असते आणि समितीने आठ सुंदर मासे पाहून मुदतवाढ दिली असती.

माधुरीने आतून ती पट्टी आणली. मग म्हणाली, “बादली आणा. आणि जाळी.”

बादलीत पाणी घेऊन तिने गोळ्या त्यात चुरल्या. जिवंत आठ मासे जाळीने एकेक करून बादलीत सोडले आणि बादली प्रयोगशाळेत टेबलाखाली नेऊन ठेवली. बाळा मेलेले काढायला लागला तसा तिने त्याचा हात धरला.

“ते राहू देत.”

“मॅडम, साहेब माका उभो चिरतलो.”

“नमुना हलवायचा नसतो, बाळाभाऊ. मी सांगितलं म्हणून सांगा.”

सव्वाबाराला गाडी आली. अध्यक्ष उतरले, त्यांच्यामागून एक फाइल धरलेले अधिकारी आणि शेवटी स्थानिक प्रतिनिधी म्हणून नेमलेल्या नंदाताई. खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या, गुडघ्याच्या दुखण्याने हळू चालणाऱ्या, कमरेला मोबाइल खोचलेल्या. सुबोध सरांनी नेहमीचा रस्ता धरला. पाठ टाकीकडे, तोंड पाहुण्यांकडे.

“वर जाण्याआधी, सर, दोन मिनिटं. आमचा प्लांट काय करतो हे मी तुम्हाला कागदावर सांगणार नाही. हे पाणी बघा. आकडे काय, कुणीही लिहील. मासा—”

“मेलाय,” नंदाताई म्हणाल्या.

सुबोध सर वळले. चार केशरी पोटं काचेला लागून हलकेच डुलत होती. किल्ल्याच्या दारातून बुडबुडे निघत होते.

अध्यक्षांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. “हे तुमचं प्रक्रिया केलेलं पाणी?”

“हो. म्हणजे... नाही, सर. हे साधं नळाचं पाणी आहे.”

“पाटीवर तर वेगळंच लिहिलंय.”

“पाटी बरोबर आहे. नेहमी प्लांटचंच पाणी असतं. आजच जरा...”

“मग आज नळाचं का?” नंदाताईंनी विचारलं. “आम्ही येणार म्हणून?”

“नाही, ताई. आजही प्लांटचंच आहे. मासे जुने झाले होते.”

“साहेब, मी जन्मापासून मासळी विकते. हे कालचे दुकानातले मासे आहेत.” त्यांनी काचेवर बोट टेकलं. “आणि पाणी नळाचं असेल तर मग ते पाणी आम्ही पितो, आम्ही नाही मेलो. पाणी तुमचं असेल तर ते आमच्या खाडीत येतं. आता तुम्हीच सांगा, कुठलं म्हणायचं?”

माधुरीने मागून पाहिलं. सुबोध सर एकदा पाटीकडे, एकदा टाकीकडे बघत होते. पाणी नळाचं म्हटलं तर टाकी खोटी. प्लांटचं म्हटलं तर प्लांट मारेकरी. हुशार माणूस होता, पण दोन्ही दारं त्याने स्वतःच रंगवून बंद केली होती. शेवटी त्याने तेच केलं जे अशी माणसं करतात. बाईकडे बोट दाखवलं.

“आमच्या केमिस्ट मॅडम आहेत. त्या सांगतील टेक्निकल.”

“सांगते,” माधुरी म्हणाली. “टाकीत नळाचं पाणी आहे. आज सकाळी आठची क्लोरीनची नोंद माझ्या वहीत आहे. मासे त्याने मेले. प्लांटचं पाणी या टाकीत तीन वर्षांत आलेलं नाही. व्हॉल्व्हवर रंग चढवलाय.”

“मॅडम,” सुबोध सर दातांतून म्हणाले.

“वर बसून बोलू या का?” अध्यक्ष म्हणाले. त्यांना ऊन लागत होतं आणि अशा गोष्टी वर बसून बोलल्या की मऊ होतात, हा त्यांचा अनुभव असावा. “चहा वगैरे. तांत्रिक बाब आहे, आपण नोंद घेऊ.”

“मला गुडघ्यामुळे जिना चढवत नाही,” नंदाताई म्हणाल्या. “चहा इथेच आणा. आणि तो व्हॉल्व्ह उघडा.”

“रंग धरलाय त्याला,” सुबोध सर म्हणाले. “उघडणार नाही.”

“उघडतलो,” बाळा म्हणाला. त्याच्या हातात पाना होता. तो त्याने कधी आणला ते कुणी पाहिलं नाही.

तिसऱ्या हिसक्याला ऑइलपेंटचा पापुद्रा तडकला. पाइप आधी खोकला, गंजाचा चुरा पडला आणि मग पाणी आलं. कोरा चहा फार वेळ उकळला की जसा दिसतो तसं, फेसाळ, डोळ्यांत झोंबणारं. टाकीतलं स्वच्छ पाणी पिवळं, मग तपकिरी होत गेलं. आधी रंगीत खडे दिसेनासे झाले, मग किल्ला. अधिकारी नाकाला रुमाल लावून मागे सरले. चार मेलेले मासे तेवढे वर तरंगत राहिले.

“याचा अमोनिया?” अध्यक्षांनी माधुरीला विचारलं. पहिल्यांदाच ते तिच्याशी बोलत होते.

ती आत गेली. ड्रॉवरमधला तक्ता काढला, बेचाळीसवर एक सरळ रेघ मारली, शेजारी सहाशे दहा लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि नोंदवहीसकट आणून त्यांच्या हातात दिला. “हा सोमवारचा. आजचा हवा असेल तर एक तास लागेल. नमुना तुम्ही सीलबंद करून दुसरीकडेही द्या. माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही.”

अध्यक्षांनी वही उघडली आणि उभ्याउभ्याच एकेक पान उलटत राहिले. पानं क्रमांकित होती, कुठे खाडाखोड नव्हती. तीन वर्षांत ती वही उघडणारे ते पहिलेच. माधुरीला त्याचा आनंद झाला नाही. दीड हजार दिवसांचे नसले तरी हजारभर दिवसांचे खरे आकडे तिने सुवाच्य अक्षरात लिहून कपाटात ठेवले होते आणि त्यांनी कुणाच्या केसालाही धक्का लावला नव्हता. चार दुकानी माशांनी मरून पाच मिनिटांत काम केलं. तिला सुबोध सरांची कीव आली नाही. स्वतःचीही आली नाही.

दहा दिवसांनी समितीचा अहवाल आला. पहिलं निरीक्षण असं होतं : ‘मत्स्यटाकीची देखभाल असमाधानकारक.’ दुसरं वड्यांच्या दर्जाविषयी नव्हतं, एवढंच नशीब. बाहेरच्या पाण्याचा मुद्दा सातव्या क्रमांकावर होता, पण होता : नमुन्यात अमोनिया पाचशे नव्वद, मुदतवाढ स्थगित, दोन्ही ब्लोअर चालू करून आणि गटारांमधला बांध दुरुस्त करून तीन महिने केमिस्टच्या सहीने रोजचा आकडा पाठवावा. ‘विद्यमान केमिस्टच्या’, असं नंदाताईंनी आग्रहाने घालायला लावलेलं होतं. कॉलेजातून नुकत्या सुटलेल्या मुलीचा बेत त्यामुळे बारगळला.

त्याच दुपारी सुबोध सर प्रयोगशाळेत आले. चेहरा उतरलेला, तरी पावलांत घाई. त्यांनी मागणीचा कोरा फॉर्म टेबलावर ठेवला. त्यावर त्यांच्या हस्ताक्षरात एकच ओळ होती : हायपो, पाच किलो.

“मॅडम, झालं ते झालं. चूक माझीच, मी तुमचं ऐकायला हवं होतं,” ते म्हणाले. “पुढच्या खेपेला असं व्हायला नको. मोठी टाकी मागवतोय, सहा फुटी.”

माधुरीने फॉर्म वाचला. माणूस मनापासून बोलत होता. या सगळ्यातून त्याने खरोखर एवढंच उचललं होतं. टेबलाखाली बादलीतले आठ मासे पिंपात मुरवलेल्या पाण्यात गोल फिरत होते. संध्याकाळी बाळा ते घरी नेणार होता, नातीने हट्ट धरला होता.

तिने सरांच्या खिशाला लावलेलं लाल पेन मागितलं. त्यांनी दिलं. हायपोच्या ओळीवर तिने रेघ मारली, खाली ‘ब्लोअरचा पट्टा, दोन नग’ असं लिहिलं आणि फॉर्म त्यांच्याकडे सरकवला.

“आणि मासे?” त्यांनी विचारलं.

“आकडा पन्नासच्या आत आला की मी सांगेन,” ती म्हणाली. “तेव्हा व्हॉल्व्ह उघडा आणि सोडा.”

मग घड्याळ बघून तिने बाटली उचलली आणि दुपारचा नमुना घ्यायला मागच्या चराकडे गेली.